झाक

हिरवी शाई साहेबांची.
कुठल्या नियमात होतं ते कुणी पाहिलं नव्हतं,
पण माझगावच्या विक्रीकर कचेरीत तेहेतीस वर्षं
माझ्या टिपणांच्या डाव्या समासात
तिरकं उतरायचं हिरवं:
मान्य. चर्चा करा. फेरसादर.
आम्ही निळे. फार तर काळे.
एकदा नव्या आलेल्या वैद्यबाई
हिरव्या बॉलपेनने रजेचा अर्ज लिहून बसल्या,
तर बेर्डेसाहेबांनी तो दोन बोटांत धरून
अख्ख्या शाखेला दाखवला,
ओला रुमाल वाळत घालावा तसा.

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात
दादांच्या पेनाची निब सरळ करून घ्यायला गेले.
फोर्टात, दोन झेरॉक्सवाल्यांच्या मधे,
हकीमुद्दीनभाईंचं दुकान,
रुंदी माझ्या पदराएवढी.
निब सरळ झाली. त्यांनी न विचारता
कुठल्याशा बाटलीत ती बुडवली, एक वेलांटी काढली.
हिरवी, मी म्हटलं.
"थांबो बेन. सुकू द्या."
पंखा बंद केला. आम्ही दोघं त्या वेलांटीकडे
दूध तापत ठेवल्यासारखे बघत उभे.

मग जिथे शाई साचली होती, वळणावर,
तिथे लाल आलं.
वरून. साय धरते तसं.

ते म्हणाले, शीन.
मी म्हटलं, आमच्यात झाक म्हणतात.
काडेपेटीत ठेवलेल्या सोनकिड्याच्या पाठीवर असायची,
ग्रिलवर बसून घाण करणाऱ्या कबुतराच्या
मानेवर असते, त्याला हाकलताना दिसते.
किंमत ऐकून पर्स मिटली.
बोरीबंदरपर्यंत चालत गेले.
परत आले.

आता सांगते, सोपं नाही.
वाण्याच्या वहीचा कागद शाई पिऊन टाकतो,
मागे उरतो नुसता पालक.
लग्नपत्रिकेची कोरी बाजू चालते
(भाचीच्या लग्नातल्या एकोणीस उरल्यात).
निब जाड हवी, हात सावकाश हवा.
आणि मुंबईची हवा, जी लोणच्याला नको, पापडाला नको,
माझ्या गुडघ्यांना तर नकोच,
ती इथे कामाला आली:
वडाळ्याच्या दमट दुपारी अक्षर तासभर ओलं राहतं,
आणि जितकं रेंगाळेल तितकं लाल.

लिहायचं काय, हा प्रश्नच होता.
दूध अर्धा लिटर.
गॅस नोंदवणे.
भास्कर, हे दादांचं नाव. स्कमध्ये छान साचते.
जोडाक्षरं शाईला मानवतात.
पण खरी मजा ळची:
दोन तळी, एकाला एक चिकटून,
दोन्ही आधी काळपट, मग काठाकाठाने तांबूस.
तेव्हापासून ळ असलेलेच शब्द लिहिते.
केळफूल. वडाळा. हळूहळू. मिळाली.
कंटाळा, हा तर चार वेळा लिहिला
आणि एकदाही आला नाही.

झाक म्हणजे लपव, असंही होतं मराठीत.
कचेरीत आम्हाला तेवढाच अर्थ लागायचा.

मग एका मंगळवारी, घरात कुणी नसताना
(घरात कुणी नसतंच, तरी दाराला कडी लावून)
कोऱ्या पत्रिकेच्या डाव्या कडेला, तिरकं:
मान्य.
काय मान्य ते वर लिहिलेलं नव्हतं.
खाली सही. लघुसही नाही, पूर्ण:
हेमांगिनी भास्कर चुरी.
कागद खिडकीशी नेला, कलता केला.
बेर्डेसाहेबांच्या हिरव्यात हे नव्हतं.
असतं तर दिसलं असतं मला,
मीच तर फायली उचलायचे.

पण उचलताना अंगठा लागला.
चुरी गेली. नुसता चु राहिला.

संध्याकाळी भाजीला उतरले.
मेथी निवडताना सरूबाई म्हणाली,
"आज मतदान होतं काय?"
अंगठा पाहिला. पहिल्या पेरापर्यंत हिरवा.
तिने तो धरून आपल्या बल्बाखाली नेला,
असा, मग असा.
"ह्यात लाल पण हाय."
आणि जुडीला दोरा बांधला.
वीस रुपये.